आकडा नसलेली जागा

पलीकडच्या काकांच्या घरात पियानो नव्हता. हे आधीच सांगून टाकतो, कारण माझा पहिला प्रश्न तोच होता.

सनीव्हेलमधलं आमचं घर जोडघर आहे. मधली भिंत एक, छप्पर एक आणि दोन गराज शेजारी शेजारी. पलीकडचा भाग एका चिनी इंजिनियर बाईंनी घेतला आणि वडिलांना आणून ठेवलं. वडील संगीतकार आहेत, चीनमध्ये संगीत शिकवायचे, त्यांनी आजवर चार सिंफनी लिहिल्या आहेत, असं बाईंनी मला फुटपाथवर उभं राहून सांगितलं. सिंफनी म्हणजे साठ-सत्तर वादकांनी मिळून वाजवायची रचना, एवढं मला माहीत होतं. मी चिप तपासणीच्या कामात आहे. कुठलीही नवी वस्तू आली की ती किती आवाज करते, किती तापते, हे मी आधी विचारतो.

"पियानो कुठल्या भिंतीला लावणार?" मी विचारलं.

"पियानो नाही," त्या म्हणाल्या. "बाबा इस्त्रीच्या टेबलावर लिहितात."

मला वाटलं, थट्टा करताहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी गराजचं दार वर गेलं आणि मी स्वतः पाहिलं. ऐंशीच्या घरातला, बारीक चणीचा माणूस इस्त्रीच्या उंच टेबलासमोर उभा होता. त्यावर मोठमोठे कागद होते आणि ते उडू नयेत म्हणून कपडे वाळत घालायचे चिमटे लावले होते. डावा हात मांडीवर हळूहळू आपटत होता. उजवा लिहीत होता. हे टेबल का, असं मी पुढे विचारलं तेव्हा ते म्हणाले, "उंची बदलता येते. हळू भाग लिहिताना टेबल खाली घेतो." आणि दार उघडं का? "बंद खोलीत मला फक्त मीच ऐकू येतो."

आमचं बोलणं इंग्रजीत चालायचं. त्यांचं इंग्रजी आखूड होतं, प्रत्येक वाक्य चार-पाच शब्दांत संपायचं. इथे मी ते मराठीत देतो आहे. घरात आम्ही त्यांना काकाच म्हणायचो. त्यांना ते कळलं तेव्हा त्यांनी शब्द दोनदा म्हणून पाहिला आणि म्हणाले, "चांगला आहे. दोन्ही अक्षरं एकाच उंचीची."

हा त्यांचा छंदच होता. माणसांचं बोलणं ते अर्थाच्या आधी उंचीनं ऐकत. माझ्या बायकोचं बोलणं त्यांना आवडायचं, कारण ते वाक्याच्या शेवटी वर जातं. माझ्याबद्दलचं मत त्यांनी कुंपणावरून सांगितलं होतं: "तू दिवसभर एकच आकडा बोलतोस. पाच. पाच पाच पाच पाच."

"पाच का?" मी विचारलं.

"बघ, आत्तासुद्धा पाच."

आकड्यांचा हा प्रकार मला त्यांचे कागद जवळून पाहिल्यावर कळला. मला वाटलं होतं, पाश्चात्त्य संगीताच्या त्या पाच रेघा आणि त्यांवर लोंबणारे काळे ठिपके असतील. पण तिथे नुसते आकडे होते. एक ते सात, ओळीच्या ओळी. काहींच्या डोक्यावर टिंब, काहींच्या पायाशी टिंब, काहींखाली रेघ. मी आनंदलो. आयुष्यात पहिल्यांदा संगीताचा कागद मला ओळखीचा वाटला. मी तिथेच उभा राहून कुठला आकडा सगळ्यांत जास्त वेळा येतो ते पाहायला लागलो. बायको मागून आली, तिनं कागदावर नजर टाकली आणि माझ्या खांद्याला धक्का दिला.

"अरे, हे सारेगम आहे! एक म्हणजे सा. वरती टिंब म्हणजे तार सप्तक, खाली टिंब म्हणजे मंद्र. आमच्या गाण्याच्या बाईंच्या वहीत असंच असायचं, फक्त अक्षरं." आणि तिनं पहिली ओळ गुणगुणून दाखवली.

काकांनी पेन्सिल खाली ठेवली. ती संपूर्ण ओळ त्यांनी डोळे मिटून ऐकली. मग एवढंच म्हणाले, "तिसरा आकडा थोडा खाली. पण बरोबर."

चीनमध्ये त्यांच्या वयाचे पुष्कळ लोक संगीत असंच आकड्यांत शिकले, हे त्यांनी नंतर सांगितलं. वादकांसाठी ते शेवटी रेघांवर उतरवून देत, पण विचार आकड्यांतच करायचे. तरुणपणी काही वर्षं त्यांना एका लांबच्या गावी मालमोटारींच्या आगारात कामाला धाडलं होतं. तिथे रेघांचा कागद मिळायचा नाही आणि मिळाला असता तरी जवळ बाळगणं शहाणपणाचं नव्हतं; पाश्चात्त्य संगीतावर तेव्हा सरकारची करडी नजर होती. "आकडे कशावरही मावतात," ते म्हणाले. "आणि आकड्यांना कुणी घाबरत नाही." त्या वर्षांबद्दल ते याहून जास्त कधी बोलले नाहीत. मीही खणत बसलो नाही.

त्यांच्या कानांचा आम्हाला जाच नव्हता असं नाही. आमचं धुण्याचं यंत्र जुनं झालं होतं, ते बदललं. तिसऱ्या दिवशी काका दाराशी.

"तुमचं जुनं मशीन कुठे गेलं?"

"टाकलं. का? नव्याचा आवाज होतो का?"

"नव्याचा आवाजच नाही," ते कळवळून म्हणाले. "जुनं शेवटी गरगरताना सहावर जायचं. मी त्याच्यावरून सूर धरत होतो. आता माझा दुसरा भाग कुठे टांगू?"

मी त्यांना माझ्या फोनवर सूर देणारं ॲप उतरवून दाखवलं. ते त्यांनी नाकावर माशी बसावी तसं पाहिलं आणि फोन परत दिला. आमच्या गराजच्या दाराला तेल घालायला मात्र त्यांनी कायमची बंदी केली. ते दार वर जाताना करकरतं. त्यांच्या मते तो उत्तम क्लॅरिनेट होता.

त्या वर्षी सासूबाई इचलकरंजीहून सहा महिन्यांसाठी आल्या. आल्याच्या आठवड्यात आम्ही दोघं कामावर असताना त्यांनी माझे सगळे शर्ट एका जुन्या ओढणीत बांधले आणि पलीकडे नेऊन दिले. संध्याकाळी मी घरी आलो तर सोफ्यावर शर्टांची चळत. कडक इस्त्री, कॉलर सरळ, घड्या दुकानातल्यासारख्या.

"आई, हे कुणी केलं?" बायकोनं विचारलं.

"तो पलीकडचा इस्त्रीवाला. म्हातारा आहे, पण हात चांगला आहे. पैसे घेतले नाहीत. तुम्ही महिन्याचे देता का?"

बायको मटकन खालीच बसली. मी तसाच उठून माफी मागायला गेलो. काका टेबल उंच करून जोरात लिहीत होते.

"कॉलर चांगल्या आहेत. कापड वाईट," ते मला म्हणाले. "तिला सांग, आभारी आहे. चार दिवस एक जागा अडली होती. पाचव्या शर्टाला सुटली."

त्यानंतर सासूबाईंची आणि त्यांची रोज सकाळी कुंपणापाशी भेट व्हायची. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता. त्या मराठीत बोलायच्या, ते चिनीत. सासूबाई त्यांना कोथिंबीर द्यायच्या, ते त्यांना संत्री. खरं काय ते कळल्यावरही त्यांनी "इस्त्रीवाले" हे नाव सोडलं नाही. फक्त "तो"चं "ते" केलं.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. काकांची चौथी सिंफनी पुरती अशी कुठेच वाजली नव्हती; तिचा दुसरा भाग तर ते इथे गराजमध्ये नव्यानं लिहीत होते. आमच्या भागात हौशी वादकांचा एक वाद्यवृंद आहे: निवृत्त इंजिनियर, शिक्षक, एक पोस्टमन. त्याच्या संचालिका, समोर उभं राहून हातांनी ताल देणाऱ्या, एक निवृत्त दंतवैद्य बाई. त्यांनी ती वसंतात वाजवायचं ठरवलं. तालमी सुरू झाल्या आणि तिसऱ्या भागात गाडी अडली.

तिसऱ्या भागात एक सुरावट व्हायोलाच्या, म्हणजे व्हायोलिनच्या थोरल्या भावाच्या, खालच्या सुरांतून चढत चढत जाते, अगदी वरच्या तीनवर पोचते आणि थांबते. थांबते म्हणजे सगळेच थांबतात. कागदावर तिथे एक मोकळा चौकोन होता. किती वेळ थांबायचं, हे लिहिलेलं नव्हतं.

दंतवैद्य बाई गराजमध्ये आल्या तेव्हा मी तिथेच होतो. त्या हसऱ्या, पण दात काढताना लागते तसली ठाम बाई.

"मला आकडा द्या," त्या म्हणाल्या. "चार मात्रा? आठ? माझ्या लोकांना पुन्हा कधी सुरू करायचं ते कळायला हवं."

"आकडा नाही," काका म्हणाले.

"मग मी एक श्वास थांबेन आणि पुढे जाईन."

"चीनमध्ये दोन संचालकांनी तालमीत तसंच केलं," काका म्हणाले. "म्हणून तिथे ती कधी वाजलीच नाही. मी परत घेतली."

मी बाईंच्या बाजूचा होतो. सगळं संगीत आकड्यांत लिहिणारा माणूस नेमक्या एका ठिकाणी आकडा टाळतो, हे मला अपूर्ण काम वाटत होतं. त्यांच्या पद्धतीत थांबण्यालाही आकडा आहे, शून्य. मी बोट ठेवून विचारलं, "इथे निदान शून्य तरी का नाही?"

"शून्य म्हणजे माझी शांतता," ते म्हणाले. "ही माझी नाही."

शेवटी तोड निघाली. काका पहिल्या रांगेत बसतील. ती जागा आली की हात वर करतील. हात खाली आला की वाद्यवृंद पुढे जाईल. बाईंनी मान्य केलं, पण अट घातली: "कार्यक्रमात पहिल्याच वेळी जमलं पाहिजे. लोक चुळबुळ करायला लागले, कुणी मध्येच टाळ्या वाजवल्या, तर पुढच्या वेळी मी तो चौकोन कापणार."

हॉल भरायला माणसं हवी होती. आमच्या मराठी मंडळात अशी कामं माझ्याकडे येतात, म्हणून मी ग्रुपवर मेसेज टाकला. फोन बंद ठेवावेत. भाग संपला तरी टाळ्या वाजवू नयेत, अगदी शेवटी वाजवाव्यात. कुजबुज नको. चिवडा, वेफर्स आणू नयेत. पाच मिनिटांत उत्तरं आली. "श्वास घेतला तर चालेल का सर?" "नाकानेच घ्यायचा ना?" "यार, आपण मैफिलीला चाललोय की व्हिसा इंटरव्ह्यूला?" पण येतो असं पुष्कळांनी कळवलं.

मी हे अभिमानानं काकांना सांगायला गेलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि इस्त्रीचं टेबल सावकाश खाली घेतलं. हळू भागाच्या उंचीवर.

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या लहानपणी नदीकाठच्या त्यांच्या गावी एक चहाघर होतं. तिथे नाटकवाले गायचे. आजोबा त्यांना मांडीवर घेऊन बसायचे. गाणारा सूर चढवत चढवत न्यायचा, शिखरावर नेऊन सोडायचा आणि त्या क्षणाला आजोबा ओरडायचे, "हाओ!" म्हणजे छान. चहा सांडेल इतक्या जोरानं. गाणारा त्यासाठी थांबायचा. ओरडा आला की पुढे जायचा. मग चहाघर गेलं, आजोबा गेले. पुढे काकांनी खुर्च्या लावलेल्या मोठ्या हॉलांसाठी लिहिलं आणि तिथे लोक हात बांधून बसू लागले.

"ती जागा मी ठेवली आहे," ते म्हणाले. "ती ऐकणाऱ्याची आहे."

बायको दारात उभी होती. "म्हणजे वा म्हणायची जागा!" ती मराठीतच म्हणाली. आणि माझ्याकडे वळून, "आणि तू चाळीस मराठी माणसांना गप्प बसायला सांगितलंस. ज्यांना आयुष्यात कधी गप्प बसवलं नव्हतं कुणी."

मी लगेच म्हणालो, मी दुसरा मेसेज टाकतो. त्या जागी दाद द्या म्हणून सांगतो.

काकांनी नकाराची मान हलवली. "सांगून ओरडले तर ती हजेरी झाली. कुणाला सांगू नकोस. सांगितलंस तर मला कळेल."

"निदान पहिला मेसेज डिलीट करू?" मी बायकोला नंतर विचारलं.

"कर. मग सगळे विचारतील, का डिलीट केलास. काय सांगशील?"

तेव्हा मेसेज राहिला. माझ्यापुढे असा पेच पूर्वी कधी आला नव्हता. नियम मी घातला होता, तो चुकीचा होता हे मला एकट्याला माहीत होतं आणि दुरुस्त केला तर ज्याच्यासाठी दुरुस्त करायचा तीच गोष्ट बिघडणार होती. राहून राहून मला एकच कुतूहल होतं: कुणी ओरडेल का? माझा अंदाज विचाराल तर, नाही.

कार्यक्रम रविवारी दुपारी होता, एका शाळेच्या सभागृहात. आमची मंडळी वेळेवर आली, जरीच्या साड्या, कुर्ते, आणि इतकी शिस्तीत बसली की शेजारचे अमेरिकन लोक आमच्याहून जास्त हलत होते. सासूबाई माझ्या आणि बायकोच्या मध्ये बसल्या.

"आई, इथे बोलायचं नाही हं," बायको म्हणाली.

"मला काय बोलायचंय? मला त्यातलं कळणार आहे का? इस्त्रीवाल्यांचं आहे म्हणून आले."

पहिला भाग गेला, दुसरा गेला. दुसऱ्यात एका ठिकाणी क्लॅरिनेटनं हुबेहूब आमच्या गराजचं दार उघडलं. बायकोनं मला कोपर मारलं. मग तिसरा सुरू झाला. व्हायोला खालून निघाले. पाच, सहा, वरचा एक. मी मनात आकडे म्हणत होतो. एक, दोन, पुन्हा मागे, पुन्हा दोन. आणि तीन.

थांबले.

पहिल्या रांगेत काकांचा हात वर गेला. माझ्या हातात फोन होता. अर्थात आवाज बंद केलेला. मी सेकंद मोजायचं घड्याळ चालू केलं. दंतवैद्य बाईंचे दोन्ही हात हवेत, डोळे काकांच्या हातावर. वादकांचे गज तारांपासून बोटभर वर. कुणी हललं नाही. आमची माणसं तर मुळीच नाही. माझा मेसेज प्रत्येकानं वाचला होता.

काकांनी दुसऱ्या हातानं कोपराला आधार दिला. ऐंशीच्या घरातला हात, किती वेळ वर राहणार? मागे कुणाची तरी खुर्ची करकरली. कुणीतरी खोकल्यासाठी घसा साफ करायला घेतला आणि थांबला. बाईंच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसलं, आणखी एक क्षण आणि त्या पुढे जाणार. हात खांद्यापर्यंत उतरला होता.

"आहाहा!"

माझ्या उजव्या कानातच. मोठ्यानं, मोकळ्या घशानं, शेवटचा हा लांबवून. सगळं सभागृह मागे वळलं. सासूबाईंनी पदर तोंडाशी नेला, पण तोवर ते तोंडातून निघून गेलं होतं.

काका वळले नाहीत. त्यांचा हात पुन्हा सरळ वर गेला, आणि खाली आला. सगळीच्या सगळी वाद्यं एकदम पुढे निघाली, जणू कुणीतरी मागून ढकललं होतं.

कार्यक्रम संपल्यावर बाहेरच्या दालनात सासूबाई कोपऱ्यातल्या बाकावर अंग चोरून बसल्या होत्या. मंडळातला एक जण जाताना म्हणाला, "काकू, तुम्ही तर ग्रुपचा नियम तोडलात!" त्या आणखीच लहान झाल्या. बायको हळूच मला म्हणाली, "तुला माहीत नाही. इचलकरंजीत बाबा तिला प्रत्येक गाण्याला न्यायचे. वा म्हणायचं ते पुरुषांनी. बायकांनी मागे बसून माना हलवायच्या. मी आजवर हिचा आवाज मैफिलीत ऐकलेला नाही."

काकांभोवती अभिनंदनाला लोक जमले होते. ते त्यांच्यामधून वाट काढत थेट बाकाशी आले. सासूबाई उठून उभ्या राहिल्या.

"चुकलं हो माझं," त्या मराठीत म्हणाल्या. "राहवलं नाही."

"काय म्हणाली?" काकांनी मला विचारलं.

मी शब्द शोधत राहिलो. शेवटी सांगितलं, ती म्हणते आहे की तिला स्वतःला थांबवता आलं नाही.

"तिचे शब्द सांग. तिच्याच भाषेत."

"राहवलं नाही."

त्यांनी ते म्हणून पाहिलं. अक्षरांची चढउतार हातानं हवेत काढली. मग सासूबाईंसमोर कमरेत वाकले, आणि सासूबाईंनीही, दुसरं काही सुचेना म्हणून, हात जोडले.

दोनेक आठवड्यांनी काका ती चौथी सिंफनी घेऊन आमच्याकडे आले. तिसऱ्या भागातलं पान उघडून त्यांनी तो मोकळा चौकोन माझ्यासमोर ठेवला आणि पेन्सिल दिली.

"लिही. तिनं सांगितलं ते. किती थांबायचं, त्याचं उत्तर."

मी सुचवलं, त्यापेक्षा सासूबाईंचा आहाहाच आकड्यांत लिहून टाकू, पुढच्या वेळी एखादी गायिका म्हणेल. बायकोनं ते सूर काढूनसुद्धा ठेवले होते.

"लिहिलं की तो माझा होईल," काका म्हणाले. "शब्द लिही."

म्हणून चिनी माणसाच्या सिंफनीत, आकड्यांच्या आणि रेघांच्या मध्ये, माझ्या हस्ताक्षरात देवनागरी ओळ आहे: राहवत नाही तोवर.

पुढे त्यांच्या मुलीला टेक्सासमध्ये, अर्विंगजवळ नोकरी मिळाली आणि काका तिच्याबरोबर गेले. इस्त्रीचं टेबल गाडीच्या टपावर बांधून नेलं. पलीकडच्या गराजमध्ये आता नुसती गाडी असते. माझ्या गराजच्या दाराला मी अजून तेल घातलेलं नाही.

परवा दंतवैद्य बाईंचा फोन आला. तिकडच्या एका वाद्यवृंदानं चौथी सिंफनी घ्यायची ठरवली आहे, त्यांचा संचालक विचारतो आहे की तिसऱ्या भागातला पॉज किती सेकंदांचा ठेवायचा. संगीतकार आकडा देत नाहीत.

"माझं लक्ष त्यांच्या हाताकडे होतं," बाई म्हणाल्या. "पण तू तिथे होतास. आणि मी तुला ओळखते. तू मोजलं असणार."

"मोजलं होतं," मी म्हणालो.

"मग?"

आकडा माझ्या फोनमध्ये आहे, दशांशासकट.

"पानावर लिहिलेलं आहे," मी म्हणालो.

"ते तुझ्या भाषेत आहे. मला वाचता येत नाही."

मी वाचून दाखवलं. मग अर्थ सांगितला. बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. समोर भिंतीवर घड्याळ होतं. मी त्याच्याकडे पाहिलं नाही.